वैनगंगा आणि पैनगंगा : सीमा कुठली कुणाची?

नावांत यमक, दोघींचं पाणी शेवटी गोदावरीला, त्यामुळे वैनगंगा आणि पैनगंगा यांची गल्लत होतेच. पण वैनगंगा सातपुड्यातून येते. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम, मग बालाघाट, भंडारा, पवनी असा धानाचा मुलूख. पैनगंगा निघते बुलढाण्याजवळ, अजिंठ्याच्या डोंगरात, आणि कापसाच्या मुलखातून पूर्वेला जाते.

खरा फरक मात्र सीमेच्या इतिहासात आहे. वैनगंगा जुन्या काळी सरहद्द नव्हतीच. बालाघाट, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) हा सगळा टापू आधी नागपूरकर भोसल्यांचा आणि पुढे इंग्रजांच्या मध्य प्रांताचा. नदी एकाच राज्याच्या पोटातून वाहायची.

पैनगंगेचं तसं नव्हतं. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, आणि ही नदी वऱ्हाडाची दक्षिण सीमा बनली. अल्याड वऱ्हाड, पल्याड मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य! काठावरच्या माणसांची शेतं, सोयरिकी, बाजार दोन्हीकडे. कायदा आणि नाणं मात्र वेगळं. हैदराबाद मुक्तिसंग्रामात म्हणूनच अल्याडच्या उमरखेडला मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांचा कॅम्प उभा राहिला. नदी ओलांडली की निजामाचे पोलीस मागे येऊ शकत नव्हते.

मग आला 1 नोव्हेंबर 1956. राज्य पुनर्रचनेत विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले, आणि हिंगोली-नांदेडकडच्या पैनगंगेवरची राज्याची सीमा पुसली गेली. त्याच दिवशी बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, भंडारा मुंबई राज्यात गेला आणि वैनगंगेच्या थोड्या पट्ट्यावर राज्याची सीमा नव्याने आली. एका नदीची सीमा गेली, दुसरीला मिळाली, तीही एकाच तारखेला. हा योगायोग शाळेच्या भूगोलात कुणी सांगत नाही.

पैनगंगेची सीमा अर्थात पूर्ण गेली नाही. आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा इकडे आले, त्यामुळे तिथे नदीच्या दोन्ही काठांना महाराष्ट्र. या दोन पट्ट्यांच्या मधे मात्र एका काठाला यवतमाळ, दुसऱ्याला आदिलाबाद. म्हणजे आज तेलंगणा. चनाखा-कोरटा बंधारा याच भागात, आणि त्यासाठी 2016 मध्ये दोन राज्यांना करार करावा लागला.

वरच्या अंगाला सीमा फक्त विभागांची उरली, तरी भांडण मिटलेलं नाही. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचं पाणी बरंचसं कालव्यांनी मराठवाड्याला जातं. उन्हाळ्यात धरणाखालचं पात्र कोरडं पडलं, की पाणी सोडा म्हणून उमरखेडकडून आवाज उठतो आणि पलीकडच्या हिमायतनगरकडूनही. इथे काठ दोन असले तरी तक्रार एकच असते. सहस्रकुंडचा धबधबाही असाच दोघांचा, पावसाळ्यात यवतमाळकडूनही बघा, नांदेडकडूनही.

पैनगंगा वढ्याजवळ वर्धेला मिळते. ती वर्धा पुढे चपराळ्याला वैनगंगेला भेटते, आणि तिथून प्राणहिता. एका काठाला गडचिरोली, दुसऱ्या काठाला तेलंगणा, थेट सिरोंच्याजवळ गोदावरी येईपर्यंत.