उठताना येणारी चक्कर: रक्तदाबाची की कानाची?

वयस्कर माणूस सकाळी पलंगावरून उठायला जातो आणि चक्कर येऊन पुन्हा खाली बसतो. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, तो स्वतः म्हणतो वय झालं. मग चक्करेची गोळी सुरू होते आणि मूळ कारण तसंच राहतं. या तक्रारीची कारणं अनेक असतात, पण त्यातल्या दोघांची गल्लत फार होते: उभं राहिल्यावर रक्तदाब उतरणं आणि आतल्या कानातले कण जागा सोडणं. उपाय दोन्हींचे अगदी वेगळे आहेत.

आपण उभे राहतो तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. शरीर ते लगेच ओळखतं, रक्तवाहिन्या आवळतात, नाडी थोडी वाढते, आणि आपल्याला काही जाणवतही नाही. उतारवयात ही यंत्रणा मंदावते. मेंदूला थोडा वेळ रक्त कमी पडलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, डोकं हलकं होतं, पाय लटपटतात, कधी मान आणि खांदे दुखतात. बसलं किंवा आडवं झालं की बरं वाटतं.

कानाचा प्रकार निराळा. तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. वयामुळे किंवा डोक्याला मार लागल्यामुळे ते सुटून अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये शिरतात. मग डोकं हललं की हे कण घरंगळतात आणि मेंदूला वाटतं, आपण फिरतोय. खोली गरगरते, मळमळतं, आणि बहुधा मिनिटभरात सगळं थांबतं. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात.

दोन्हींत फरक करायला एक प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो: अंथरुणात कूस बदलताना चक्कर येते का? उभं राहिल्यामुळे उतरणारा रक्तदाब आडव्या माणसाला कूस बदलताना त्रास देत नाही. म्हणून कुशीवर वळताना, आडवं होताना किंवा मान मागे टाकून वर बघताना गरगरत असेल, तर संशय कानावर जातो. फक्त उभं राहिल्यावरच होत असेल, त्यातही सकाळी, जेवणानंतर किंवा गरम पाण्याच्या अंघोळीनंतर जास्त, तर रक्तदाबावर. ‘नक्की कसं होतं?’ यापेक्षा ‘कधी होतं?’ हे विचारा. कारण कानाचा त्रास असलेले अनेक वृद्ध गरगरल्याचं सांगतच नाहीत, नुसता तोल जातो म्हणतात. आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतात.

रक्तदाबाची खात्री घरच्या मशीनवरही करता येते. 5 मिनिटं आडवं राहून रक्तदाब मोजायचा, मग उभं राहून 1 आणि 3 मिनिटांनी पुन्हा मोजायचा. कुणीतरी शेजारी उभं हवंच, आणि चक्कर आली तर लगेच बसवायचं. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर ती घट महत्त्वाची. दवाखान्यात नुसतं खुर्चीत बसवून मोजलेला रक्तदाब यात फसवतो, तो अगदी छान येऊ शकतो. एकदा घट दिसली नाही म्हणून विषय संपवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा. नाडीही लिहून ठेवा: रक्तदाब उतरूनही नाडी जेमतेम वाढत असेल तर मधुमेहाने किंवा पार्किन्सनने मज्जातंतूंवर परिणाम झालाय का, हे पाहावं लागतं. मात्र बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडीचा वेग कमी करणारं औषध, चालू असेल तर नाडी तशीही फारशी वाढत नाही.

घट सापडली की पहिली नजर औषधांच्या यादीवर हवी. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणारी औषधं, प्रोस्टेटसाठीचं टॅमसुलोसिन, नैराश्यावरच्या काही गोळ्या, पार्किन्सनचं लेव्होडोपा, यांपैकी काहीही कारण असू शकतं. वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली औषधं कुणीच एकत्र पाहिलेली नसतात, हे फार वेळा घडतं. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या, पण मनाने एकही गोळी बंद करू नका. पाणी कमी पिणं, जुलाब, रक्तक्षय हीही कारणं तपासावी लागतात.

कानाची तपासणी म्हणजे डिक्स-हॉलपाइक: मान एका बाजूला वळवून रुग्णाला झटकन आडवं करतात आणि बुबुळं थरथरतात का ते पाहतात. कोणता कान, हे कळलं की एप्ली पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण पुन्हा जागेवर नेतात. बऱ्याच जणांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. गोळीने ते कण हलत नाहीत. उलट चक्करेसाठी सर्रास दिलं जाणारं प्रोक्लोरपेराझिन उभं राहताना रक्तदाब आणखी उतरवू शकतं आणि जास्त दिवस घेतल्यास हातपाय थरथरणं, हालचाली मंदावणं असे त्रासही देऊ शकतं. पडून खुबा मोडण्याची भीती असलेल्या माणसाला ते महिनोन् महिने चालू ठेवणं मला चुकीचं वाटतं.

बसल्या जागी किंवा चालता चालता शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, हृदयाची धडधड, काळी शौच, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं, दोन-दोन दिसणं किंवा अचानक चालताच न येणं, यांतलं काहीही असेल तर घरी मोजमाप करत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.