जड गड्याचा बचाव पायातून सुरू होतो

आमच्या सांगलीकडं कुस्तीचा नाद इतका मुरलेला की बॉक्सिंगचा विषय निघाला की तालमीतली मंडळी एका वाक्यात निकाल लावतात, "त्यात काय, जो जास्त मार सोसतो तो जिंकतो." हेवीवेट म्हणजे सगळ्यात जड वजनगट, त्याबद्दल तर सगळ्यांचीच खात्री, 110-120 किलोच्या गड्याला बचाव कशाला पाहिजे म्हणून. डिसेंबर 2024 मध्ये युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकनं टायसन फ्युरीला दुसऱ्यांदा हरवलं, फ्युरी त्याच्यापेक्षा जवळजवळ 25 किलोनं जड, उंचीलाही बराच जास्त, तरी तिन्ही जजनी उसिकला 116-112 असं जिंकवलं, आणि मोबाईलवर क्लिप बघून लोक काय म्हणाले तर "फ्युरीचं पोट सुटलं होतं". बरं. पोट सुटलं असेलही, पण तेवढ्यानं हिशोब जुळत नाही.

पहिली गोष्ट, अंगाचं वजन वाढतं त्या प्रमाणात डोकं वाढत नाही. 60 किलोच्या पोराचं काय आणि 110 किलोच्या गड्याचं काय, डोकं साडेचार-पाच किलोच्या आसपासच. ठोसा मात्र वजनाबरोबर जड होत जातो, म्हणजे मारणारा वाढला आणि मार खाणारा मेंदू होता तेवढाच राहिला. 1985 मध्ये ब्रिटनचा हेवीवेट बॉक्सर फ्रँक ब्रुनो याचा ठोसा प्रयोगशाळेत मोजला होता. मूठ आदळताना वेग सेकंदाला 8.9 मीटर, जोर 4 हजार न्यूटनच्या वर, म्हणजे क्षणभर 400 किलोचा दाब. मोजणाऱ्यांनी लिहिलं की हे ताशी 20 मैलांनी येणाऱ्या, गादी लावलेल्या 6 किलोच्या लाकडी हातोड्यासारखं आहे.

आता हा ठोसा 70 सेंटीमीटरवरून निघाला तर पोचायला 0.1 ते 0.15 सेकंद. डोळ्यांनी बघून अंग हलायला सुरुवात व्हायलाच माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. म्हणजे मूठ बघून ठोसा चुकवणं कुणालाच जमत नाही, उसिकलाही नाही. ठोसा निघायच्या आधीच ओळखावा लागतो, खांदा किंचित पुढं येतो, कंबर वळते, मागची टाच उचलते, त्यावरून. खडाखडीत मुरलेला पैलवान समोरच्याच्या हाताऐवजी कमरेवर नजर ठेवतो, तसंच हे.

पण ओळखून पुढं करायचं काय? इथं माझी सगळ्यात आवडती गोष्ट येते, जरा आकडेमोड आहे, सांभाळून घ्या. नववीच्या पुस्तकातलं सूत्र, गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ढोबळमानानं ठोसा 6 किलोचा आणि वेग सेकंदाला 9 मीटर धरला तर 243 ज्यूल. हा वेग जमिनीच्या हिशोबानं धरायचा नाही, डोक्याच्या हिशोबानं धरायचा. डोकं त्या क्षणी सेकंदाला 2 मीटरनं मागं जात असेल तर मूठ डोक्याला 7 नंच भेटते, आणि 49 च्या हिशोबानं 147 ज्यूल, म्हणजे 40 टक्के मार नुसता हवेत गेला. उलट गडी त्याच 2 मीटरच्या वेगानं पुढं घुसत असेल तर 11 चा वर्ग 121, ऊर्जा 363 ज्यूल. मारणारा तोच, ठोसा तोच, पण मागं जाणाऱ्याला बसला त्याच्या जवळजवळ अडीचपट पुढं येणाऱ्याला बसला! पुढं येताना खाल्लेला ठोसा माणसाला का झोपवतो त्याचं निम्मं उत्तर या वर्गात आहे.

उरलेलं निम्मं मानेत. ठोसा येताना दिसला तर मानेचे स्नायू आधीच आवळले जातात, डोकं धडाशी बांधलं जातं आणि धक्का शंभर किलोच्या अंगात वाटला जातो. दिसलाच नाही तर सगळा धक्का एकट्या पाच किलोच्या डोक्याला, त्यात हनुवटीवर बाजूनं बसला तर डोकं गर्रकन फिरतं, आणि मेंदूला सरळ धक्क्यापेक्षा हे फिरणं जास्त बाधतं. हनुवटी छातीकडं दाबून ठेव म्हणून कोच ओरडतात ते यासाठी. त्यामुळं रीलवर जबडा लोखंडी करणारे रबरी गोळे विकायला येतात ना, चावून चावून गाल दुखतील, मेंदूचं फिरणं थांबणार नाही. दंडाला बांधलेल्या काळ्या दोऱ्याचंही तेच, मूठ दोरा बघून थांबत नाही.

नुसता घट्ट गार्ड लावून, म्हणजे दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरून, हेवीवेटमध्ये भागत नाही, कारण ग्लोव्हजवर घेतलेला ठोसाही स्वतःचाच ग्लोव्ह स्वतःच्या कपाळावर आपटवतो. अंतर राखणं हाच स्वस्तातला बचाव. उसिक डावखुऱ्या पवित्र्यात उभा राहतो, पुढच्या हातानं समोरच्याचा ग्लोव्ह सारखा चाळवत राहतो, बारीक बारीक पावलं टाकत बाजूला सरकतो, त्यामुळं समोरच्याला दरवेळी पाय नव्यानं लावावे लागतात, आणि पाय लागल्याशिवाय जोर लागत नाही. मोठ्या अंगाला वळायला वेळ लागतो, तो वेळ उसिक खातो.

मुहम्मद अलीनं 1974 ला आफ्रिकेतल्या किन्शासात जॉर्ज फोरमनसमोर वेगळंच केलं, रिंगच्या दोरांवर रेलून मार घेतला. दोर सैल असला की धक्का जास्त वेळात वाटला जातो, तेवढाच जोर कमी. फोरमन दमला आणि आठव्या राउंडला पडला. लढत ऐतिहासिक, पण बचाव म्हणून मला ती पद्धत आवडत नाही, बरगड्यांवर आणि हातांवर बसलेला मार कुणी मोजत नाही.

माइक टायसन तर पुढंच घुसायचा. उंची 5 फूट 10 इंच, हेवीवेटमध्ये बुटकाच, आत गेल्याशिवाय हात पोचणारच नाहीत. वरचं 363 चं गणित त्यालाही लागू, म्हणून डोकं सतत डावी-उजवीकडं आणि खाली-वर, एका रेषेत क्षणभरही नाही. या जोरावर 1986 मध्ये विसाव्या वर्षी तो चॅम्पियन झाला. पण प्रत्येक झुकणं म्हणजे शंभर किलोची अर्धी बैठक, मांड्या किती दिवस साथ देणार. 1996 मध्ये इव्हँडर होलीफिल्डशी लढताना तो आत येत होता, डोकं मात्र आता पहिल्यासारखं हलत नव्हतं, आणि अकराव्या राउंडला रेफरीनं लढत थांबवली.