परसातली कोंबडी: गावठी, लेअर आणि मधली वाट

परसातल्या कोंबड्यांचा विषय निघाला की आधी अंडी मोजली जातात. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंड्यांवर थांबते, लेअर, म्हणजे खास अंड्यांसाठी पैदा केलेली पोल्ट्रीतली कोंबडी, तीनशेच्या घरात जाते. मग गावठी पाळायची कशाला, असा प्रश्न येतो. हा हिशेब अर्धाच आहे. गावठीचे जे दिवस अंड्यांविना जातात, त्यांत ती काय करते हे त्यात धरलेलंच नसतं.

त्या दिवसांत ती खुडूक बसते, म्हणजे अंडी घालणं थांबवून ती उबवायला बसते. दहा-पंधरा अंडी झाली की पिसं फुलवून टोपलीत ठाण मांडते, हात नेला की चोच मारते, दाण्यापाण्यापुरती तेवढी उठते. २१ दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात आणि पुढचे कित्येक आठवडे घारीपासून, मुंगसापासून त्यांना राखण्यात जातात. ज्याला पिल्लांपेक्षा अंडी हवीत तो तिच्या नाकात पीस घालतो किंवा तिला पाण्यात बुडवून काढतो, म्हणजे खुडूक मोडते.

हेच काम पैदासकारांनी निवडीतून कायमचं करून टाकलं. लेगहॉर्न ही पांढऱ्या लेअरची मूळ जात इटलीची. ती जात आधीच फारशी खुडूक न बसणारी. अमेरिकेत गेल्यावर उरलंसुरलंही निघून गेलं. अंडी उबवणारी यंत्रं आली होती, त्यामुळे आई नसली तरी अडत नव्हतं. पण अशी कोंबडी रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम तोलून केलेलं खाद्य मागते, दिव्यासकट सोळा तास उजेड मागते. अंगणातल्या किड्यांवर आणि उष्ट्यावर सोडली तर तीनशेचा आकडा कुठच्या कुठे जातो, शिवाय तिचं पांढरंशुभ्र अंग घारीला लांबून दिसतं.

मांसाच्या कोंबडीची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. झुंजीसाठी पाळली जाणारी आपली असील १९व्या शतकात इंग्लंडला गेली आणि तिच्या रक्तातून कॉर्निश ही रुंद छातीची जात घडली. १९४८ साली अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ निवडण्याची राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांनी कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांच्या संकराने जिंकली. आजचा पाच-सहा आठवड्यांत दोन किलो भरणारा ब्रॉयलर याच वाटेने आला. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा जनुक तिचा मुख्य पूर्वज असलेल्या लाल रानकोंबड्याचा नसून सह्याद्रीत आरवणाऱ्या राखाडी रानकोंबड्याकडून आलेला आहे, हे २००८ साली संशोधनातून पुढे आलं. जगभरच्या पोल्ट्रीत आपल्या रानाचा वाटा आहे आणि परसातली गावठी त्या साठ्याची जिती-जागती शाखा आहे.

भारतात मोठा बदल घडवला तो डॉ. बी. व्ही. राव यांनी. १९७१ साली त्यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुणे या व्यवसायाचं मोठं केंद्र झालं, आणि १९८२ साली अंड्याचा भाव उत्पादकांनी ठरवावा म्हणून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. त्यामुळे अंडं स्वस्त झालं आणि गरिबाच्या ताटात आलं. ते श्रेय नाकारता येत नाही.

परसासाठी मात्र वेगळी कोंबडी लागणार होती. ती बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज, तर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्राने वनराज आणि ग्रामप्रिया या नावांनी दिली. रंगीत पिसं, काटक पाय, अंडी गावठीच्या दुपटीहून जास्त. सरकारी योजनांतून ही पिल्लं वाडी-वस्तीवर पोचली. अडचण दोन ठिकाणी येते. एक, त्या खुडूक बसत नाहीत. दोन, त्या संकरित असल्याने पुढच्या पिढीत आईबापांचे गुण टिकत नाहीत. म्हणजे दर खेपेला पिल्लं विकत आणायची, आणि सुरुवातीचे आठवडे बल्बच्या उबेत, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस देऊन सांभाळायची. एखादी रोगाची साथ आली, पिल्लांचा पुरवठा थांबला, की खुराडं रिकामं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरने हे पाहिलं आहे. नवापूर-साक्रीचा पट्टा आणि लगतचा गुजरात म्हणजे बुसरा या लहान चणीच्या गावठी जातीचा मुलूख. आदिवासी घरांतून ती पाळली जाते. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या पोल्ट्रींत निघाला. लाखो पक्षी मारले गेले आणि ठरवलेल्या परिघात खुराड्यातल्या कोंबड्याही सुटल्या नाहीत. पोल्ट्रीवाल्याला नवी तुकडी हॅचरीतून आणता येते. बुसराला हॅचरी नाही. ती परत येते ती शेजारच्या गावातल्या खुडूक बसलेल्या कोंबडीखालून.

तरीही गावठी हरलेली नाही. २०१९ च्या पशुगणनेत परसातल्या कोंबड्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढून ३१.७ कोटींवर गेल्या. यात गावठीबरोबर वनराज-गिरिराजही आल्या. पुष्कळ घरांनी आपलीच वाट काढली आहे: अंड्यांसाठी चार-सहा ग्रामप्रिया, आणि त्यांच्यातच दोन-तीन गावठी. वनराजाची अंडी मिळाली तर ती गावठीखालीच बसवतात. पुढच्या पिढीचा दर्जा थोडा उतरतो, पण पिल्लांना आई मिळते आणि बल्बचं बिल येत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हीच मांडणी सुचवेन, आणि कोंबडा मात्र गावठीच ठेवायला सांगेन.