वाढत्या वयात आतड्यांच्या चेतापेशींचे काय होते?

विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या नसा तोडून पाहिल्या, तेव्हाही आतड्यातील पदार्थाच्या मागचा भाग आकुंचन पावत होता, पुढचा भाग सैल पडत होता आणि पदार्थ पुढे सरकत होता. मेंदूच्या आज्ञेवाचून हे घडू शकते, कारण अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींची स्वतंत्र संस्था पसरलेली आहे. स्नायूंच्या दोन थरांमध्ये असलेले ऑरबाख जाळे मुख्यतः हालचाल सांभाळते, तर अस्तराजवळचे माइसनर जाळे पाचकरसांचे स्रवण आणि रक्तपुरवठा यांवर लक्ष ठेवते.

वार्धक्याचा परिणाम ऑरबाख जाळ्यावर अधिक दिसतो, आणि तो सर्व पेशींवर सारखा होत नाही, ही या विषयातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे. आकुंचनाचा संदेश देणाऱ्या चेतापेशी प्रामुख्याने अ‍ॅसिटिलकोलीन वापरतात, तर स्नायू सैल करणाऱ्या पेशी नायट्रिक ऑक्साइड वापरतात. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या नमुन्यांत वयानुसार पहिल्या प्रकारच्या पेशी घटलेल्या आढळल्या, दुसऱ्या प्रकारच्या मात्र बऱ्याच अंशी टिकून राहिल्या. उरलेल्या पेशींतही लायपोफ्युसिन हे पिवळसर तपकिरी रंगद्रव्य साठत जाते. त्याशिवाय आकुंचनाची लय ठरवणाऱ्या काहाल पेशीही जठरात आणि मोठ्या आतड्यात कमी होत जातात. उंदरांवरील काही अभ्यासांत मात्र चेतापेशींची घट दिसलेली नाही, म्हणून ही झीज सर्वत्र आणि अटळ असते असे म्हणता येत नाही. उलट, कमी आहारावर वाढवलेल्या घुशींसारख्या मोठ्या प्रायोगिक उंदरांमध्ये ती बरीच कमी झाल्याचे आढळले आहे.

लहान आतड्याची गती उतारवयातही फारशी बदलत नाही. तक्रारी येतात त्या बहुधा मोठ्या आतड्याच्या. तरीही आजीआजोबांच्या बद्धकोष्ठतेला ‘वयच झाले आता’ असे म्हणून सोडून देणे मला योग्य वाटत नाही, कारण अफूजन्य वेदनाशामके, लोहाच्या गोळ्या, रक्तदाबावरील काही औषधे आणि अ‍ॅसिटिलकोलीनचा परिणाम रोखणारी औषधे हीदेखील तिची नेहमीची कारणे आहेत. यांपैकी शेवटच्या गटातील औषधे तर आधीच दुबळ्या झालेल्या संदेशावरच घाला घालतात, आणि डॉक्टरांना विचारून ती बदलता येण्यासारखी असतात.

संवेदनेतील बदल त्याहून कमी चर्चिला जातो. मलाशय भरल्याची जाणीव उशिरा होऊ लागते, त्यामुळे शौचाची वेळ टळते आणि मल अधिक कोरडा होतो. अन्ननलिका ताणली गेल्यावर होणारी वेदनाही वृद्धांना कमी जाणवते. अपेंडिक्सला सूज आली असताना त्यांच्या पोटात तरुणांइतके तीव्र दुखत नाही, ताप आणि पोटाचा कडकपणाही कधी नसतो, आणि ते रुग्णालयात पोहोचेपर्यंत अपेंडिक्स फुटलेले असण्याचे प्रमाण तरुणांपेक्षा बरेच जास्त असते. म्हणूनच वृद्ध व्यक्तीने पोटात नुसते जड वाटते किंवा जेवण जात नाही एवढेच सांगितले, तरी अनुभवी डॉक्टर तिचे पोट काळजीपूर्वक तपासतात.