रडण्यानं बाळाला काही होत नाही, गदागदा हलवण्यानं होतं

झोळीतल्या हिसक्यांनी बाळाच्या मेंदूला मार बसतो असा मेसेज थोड्या थोड्या दिवसांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच, आणि मग आमच्या सोलापुरात विडी घरकुलला नाहीतर पूर्व भागात राहणाऱ्या नव्या आया घाबरून विचारतात की झोळी सोडून टाकू का. आढ्याला जुन्या साडीची झोळी, तिची दोरी पायाच्या अंगठ्याला, मांडीवर सुपात पानं आणि तंबाखू, दोन्ही हात विड्या वळतायत आणि अंगठा बाळाला झोका देतोय. या झोक्यानं मेंदूला मार बसत नाही. झोळीचे धोके वेगळे आहेत, मान दुमडून हनुवटी छातीला टेकली किंवा तोंडावर कापड आलं तर श्वास अडकतो, म्हणून झोळी नजरेआड नको. पण गदागदा हलवल्यानं मेंदूला होणारी इजा, जिला डॉक्टर शेकन बेबी म्हणतात, ती झोळीत, रिक्षात, खड्ड्यातून जाणाऱ्या गाडीवर होत नाही. ती माणसाच्या हातून होते, आणि बहुतेक वेळा बाळ रडायचं थांबत नाही म्हणून होते.

इतकं रडणं नॉर्मल असतं का, तर हो. 1962 साली अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 80 बाळांच्या आयांकडून रोजच्या रडण्याची नोंद ठेवून घेतली. दुसऱ्या आठवड्यात रोज दोन तासांच्या आसपास, सहाव्या आठवड्यापर्यंत चढत चढत पावणेतीन तास, पुढं उतरत तिसऱ्या महिन्यात बरंच कमी, आणि जास्त रडणं संध्याकाळी. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत हा चढ जन्मतारखेपासून मोजायचा नाही, डॉक्टरांनी बाळंतपणाची जी तारीख दिली होती तिच्यापासून मोजायचा, म्हणजे मेंदूच्या वाढीचाच हा एक टप्पा असावा. आईचं दूध कमी पडतंय, आईनं काहीतरी खाल्लं, घरात कुणाची नजर लागली, असलं काही त्यासाठी लागत नाही. आणि हलवल्यामुळं दवाखान्यात आलेल्या बाळांची वयं मांडली तर तोच चढ-उतार दिसतो, फक्त टोक काही आठवडे उशिरा येतं.

आता मला जे सांगायचंय ते, कवटीच्या आत नेमकं काय होतं.

डब्यात लागलेलं दही घ्या. डबा ओट्यावर सरळ पुढं सरकवला तर दही जसंच्या तसं राहतं. तोच डबा जागच्या जागी झटकन फिरवा, कडेला दही फाटतं आणि पाणी सुटतं, कारण डबा फिरला आणि दही मागं राहिलं. मेंदूचं असंच आहे. चारी बाजूंनी दाबलं तर तो जवळपास पाण्यासारखा, दबतच नाही, पण थरावर थर सरकवायला अगदी थोडा जोर पुरतो, या दोन गुणांमध्ये लाखभर पटीहून जास्त फरक आहे. 1943 साली ऑक्सफर्डमधल्या होलबोर्न नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं जिलेटिनचा मेंदू करून हेच मांडलं होतं की मेंदूला खरा घातक असतो तो डोक्याच्या फिरण्यातला वेग अचानक बदलणं.

आता बाळ धरा डोळ्यासमोर. जन्मताना डोकं अंगाच्या लांबीच्या पाव भाग असतं (मोठ्या माणसात साधारण आठवा), आणि मानेचे स्नायू ते पेलायला तयारच नसतात. छातीला धरून बाळ पुढं-मागं हलवलं की डोकं मानेभोवती कमानीत फिरतं, हनुवटी छातीवर, मग डोक्याची मागची बाजू पाठीवर, आणि दोन्ही टोकांना दिशा एकदम उलटते. कवटी आधी वळते, मेंदू मागून येतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून निघून वरच्या जाड आवरणातल्या मोठ्या शिरेला मिळणाऱ्या बारीक शिरा असतात, त्यांना ब्रिजिंग व्हेन्स म्हणतात, त्यांचं एक टोक मेंदूबरोबर आणि दुसरं कवटीबरोबर, म्हणजे दोघांत अंतर पडलं की ताण यांच्यावर. त्या तुटल्या की आवरणाखाली रक्त साचतं. शिवाय बाळाच्या मेंदूत पाणी जास्त आणि मज्जातंतूंच्या धाग्यांवरचं मायलिनचं वेष्टण अजून चढायचं असतं, त्यामुळं आतले धागेही ताणले जातात. मेंदूच्या मुळाशी श्वासाचं केंद्र आहे, तिथं मानेजवळ इजा झाली तर श्वास थांबतो, ऑक्सिजन कमी पडतो आणि मग मेंदू सुजतो, बरंचसं नुकसान या सुजेनंच होतं. डोळ्यातला जेलीसारखा भाग बाळात पडद्याला घट्ट चिकटलेला असतो, तो ओढ देतो म्हणून पडद्यावर रक्तस्राव दिसतो.

झोळीत डोकं आणि धड एकत्र, हळू झुलतात, मानेभोवती ती कमान होतच नाही.

इंग्लंडमधल्या हल शहरातले न्यूरोसर्जन गथकेल्च यांनी 1971 साली हलवण्यानं बाळाच्या डोक्यात रक्त साचतं हे पहिल्यांदा लिहिलं. बाहेर खूण नाही आणि आत रक्त, आणि विचारल्यावर काही घरांतून कळलं की रडत होतं म्हणून हलवलं होतं. 1987 साली बाहुल्यांवर सेन्सर लावून मोजलं तेव्हा दिसलं की हलवून शेवटी बाळ कशावर तरी आपटलं, तर झटका नुसत्या हलवण्यापेक्षा कितीतरी पट मोठा असतो. म्हणजे 'गादीवरच तर टाकलं' याला अर्थ नाही. अर्थात आत रक्त दिसलं की कुणीतरी हलवलंच असंही होत नाही, जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन राहिलं तरी बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळं ते इंजेक्शन चुकवू नका आणि डॉक्टरांना सगळ्या तपासण्या करू द्या.

एक बोलतोच. बाळ रडलं की मीठ-मोहऱ्या ओवाळा, चुलीत टाका, त्यानं बाळाचं काही बिघडत नाही. पण पोटावर बिब्बा घालणं, चटके देणं, झोपावं म्हणून घुटीत अफू उगाळणं हे बाळाला मारणं आहे, आणि वर्षाच्या आत मधही नको. दुसरीकडं तीन दिवसांत रडणं बंद अशी गॅरंटी देणारे महागडे थेंब विकणारेही त्याच माळेचे मणी. सहाव्या आठवड्यानंतर रडणं आपोआप उतरायला लागतं आणि श्रेय बाटलीला जातं.

करायचं काय? दूध, ढेकर, लंगोट बघा. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत टोपडं आणि दुपटं घालून बाळ गुंडाळलं असेल तर आधी ते काढा. हातापायाची बोटं बघा, आईचा गळलेला केस बोटाला गुंडाळून रक्त अडतं, हे खरंच होतं. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर, हिरवी उलटी, फुगलेली टाळू, यातलं काही असेल तर रात्र असली तरी दवाखाना. काहीच नसेल, बाळ रडतंच आहे आणि आपलं डोकं तापायला लागलंय, दात-ओठ आवळले गेलेत, तर बाळाला पाळण्यात नाहीतर खाली सपाट गोधडीवर उताणं ठेवा, आसपास उशी नको, दार ओढून बाहेर या. पाच-दहा मिनिटं. तोंडावर पाणी मारा, शेजारच्या आक्कांना हाक मारा, मग परत जाऊन बघा. दहा मिनिटं एकट्यानं रडून धडधाकट बाळाच्या मेंदूला काही होत नाही, तीन-चार हिसक्यांनी आयुष्यभराचं होऊ शकतं. हे आईइतकंच बाबांना सांगा, रात्रपाळी करून आलेल्या, दिवसा झोप न मिळालेल्या माणसाला तर आधी सांगा. आईला सतत रडू येतंय, बाळाला काही करून बसेन अशी भीती वाटतेय, तर 14416 वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, मराठीत बोलता येतं.

न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी बाळाला पायाला धरून उलटं लोंबकळवून झटके दिले तर तिथल्या तिथं थांबवा, कितीही जुन्या-जाणत्या असल्या तरी. बाळ निपचित वाटलं तर हलवून उठवू नका, तळपायाला टिचकी मारा.

आणि कुणाकडून हलवलं गेलंच असेल तर बाळ नंतर पीत नाही, उलट्या करतं, सुस्त पडतं, फिट येते, श्वास अडखळतो, आणि पोट बिघडलं समजून घरीच दिवस जातो. 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की हलवलं होतं, कुणी ते नंतर. ते कळलं तर डॉक्टर डोक्याचा स्कॅन लगेच करतील, नाहीतर उलटीचं औषध देऊन घरी पाठवतील.