काळ्या होणाऱ्या चष्म्यात चिप नसते

मडगावच्या एका चष्म्याच्या दुकानात परवा विक्रेता गिऱ्हाइकाला सांगत होता, "ह्यात चिप असते, ऊन लागलं की काच काळी करते." चिप नसते. भिंगाच्या प्लास्टिकमध्ये रेणू असतात. अतिनील किरण पडले की त्यांच्यातला कार्बन-ऑक्सिजनचा एक बंध तुटतो, घडी घातलेला रेणू उलगडून सपाट होतो आणि त्याला रंग चढतो. उष्णता त्याला पुन्हा मिटवते. म्हणूनच मे महिन्यातल्या गोव्याच्या उन्हात हा चष्मा थंड प्रदेशात होतो तेवढा गडद होत नाही.

हाच रेणवीय स्विच. याच जातकुळीतला स्पायरोपायरान घ्या. मिटलेला असताना त्याचे दोन भाग एकमेकांना काटकोनात असतात, इलेक्ट्रॉनांना पलीकडे जायला वाट नसते. उघडला की एक टोक इलेक्ट्रॉन ढकलतं, दुसरं ओढतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. समुद्राकडे कललेला माड आठवा. वारा कलाच्या दिशेने आला तर तो जास्त वाकतो, उलट आला तर कमी. उघडलेल्या रेणूतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्रात असेच एकांगी डोलतात. गणितात हा एकांगीपणा क्षेत्राच्या वर्गाच्या रूपात येतो. क्षेत्र एका आवर्तनात एकदा धन, एकदा ऋण होतं. वर्ग मात्र दोन्ही वेळा धनच. म्हणजे एका आवर्तनात दोन उसळ्या, आणि बाहेर पडतो दुप्पट वारंवारतेचा प्रकाश! 1961 साली फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी क्वार्ट्झमधून 694.3 नॅनोमीटरचा लाल लेसर सोडून 347 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश मिळवला, तो असाच: वारंवारता दुप्पट म्हणजे तरंगलांबी निम्मी.

रेणू प्रयोगशाळेत बनवण्याआधी हा एकांगीपणा संगणकावर काढता येतो. रेणूला आधी एका दिशेने, मग उलट दिशेने बारीकसं विद्युतक्षेत्र लावायचं आणि द्विध्रुव आघूर्ण (रेणूतले धन आणि ऋण भार एकमेकांपासून किती सरकलेत त्याचं माप) दोन्ही वेळा किती बदललं ते पाहायचं. बदल सारखे निघाले नाहीत, तर त्या फरकातून अतिध्रुवणीयता, म्हणजे या एकांगीपणाचं माप, मिळते. इथे घनता-फलनक सिद्धान्त वापरतात, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठे किती दाट आहेत त्यावरून रेणूची ऊर्जा काढतात. त्यासाठी वॉल्टर कोन यांना 1998 चं नोबेल मिळालं. पण त्यातली बी3एलवायपीसारखी लोकप्रिय फलनकं (ही ऊर्जा काढायची सूत्रं) लांब रेणूंत इलेक्ट्रॉनांना वाजवीपेक्षा दूर पळू देतात आणि उत्तर फुगतं. म्हणून लांब अंतरावरची विनिमय-ऊर्जा (इलेक्ट्रॉनांमधल्या क्वांटम देवाणघेवाणीची ऊर्जा) नीट धरणारं कॅम-बी3एलवायपी घ्यावं लागतं.

इतका खटाटोप कशासाठी? असा रेणू संगणकाच्या स्मृतीसाठी वापरायचा, तर मिटलेला म्हणजे 0, उघडा म्हणजे 1; लेसर सोडल्यावर दुप्पट वारंवारतेचा प्रकाश आला तर 1 वाचायचा, आणि वाचताना स्विच हलता कामा नये. 1064 नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरने वाचलं तर 532 चा हिरवा प्रकाश तयार होतो. उघडा स्पायरोपायरान हिरव्या-पिवळ्याच्या आसपासचाच प्रकाश शोषतो आणि मिटतो, म्हणजे वाचता वाचताच अक्षर पुसलं जाण्याचा धोका. मग आणखी लांब तरंगलांबी शोधायची, आणि कोणत्या रेणूला कोणती चालेल ते आधी संगणकावरच पाहायचं.