ओपिनियन पोल वेगळा, एक्झिट पोल वेगळा

निकाल उलटा लागला की पुण्यातल्या कुठल्याही अमृततुल्यावर एकच वाक्य ऐकू येतं: "हे पोलवाले विकलेले!" कोणता पोल, हे कुणी विचारत नाही. ओपिनियन पोल मतदानाआधी होतो, एक्झिट पोल मत देऊन आलेल्यांचा, आणि दोघांच्या चुकायच्या तऱ्हाही निराळ्या.

ओपिनियन पोलवाला विचारतो, "आज निवडणूक झाली तर मत कुणाला?" उत्तर खरं असलं, तरी तो माणूस मतदानाला जाईलच असं नाही. 2019 च्या लोकसभेला पुण्यात जेमतेम निम्मे मतदार बाहेर पडले. बाकीचे घरी, किंवा लोणावळ्याला. कोण खरंच जाणार, याचा अंदाज पोलवाल्यानेच बांधायचा. त्यात भेटतं कोण हाही प्रश्न. पेठेतल्या वाड्यात थेट दार वाजवता येतं. खराडीच्या सोसायटीत वॉचमन गेटवरूनच वाटेला लावतो. हजारेक जणांचा नमुना नीट निवडला, तर टक्केवारीत साधारण 3 टक्के इकडेतिकडे होतं. पण गोम त्या 'नीट'मध्ये आहे. 1936 साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे वीस लाखांवर उत्तरं आली होती, तरी त्यांनी रूझवेल्ट हरणार असं छापलं. रूझवेल्टनी 48 पैकी 46 राज्यं जिंकली.

एक्झिट पोलला 'जाणार की नाही' ही भानगड नसते. शाळेच्या फाटकाबाहेर बोटावर शाई घेऊन आलेल्यालाच गाठायचं. अडचण पुढे येते. कुणी हात हलवून निघून जातो, कुणी डोळा मारून म्हणतो, "ज्याचं येणार, त्यालाच!" बाईंना विचारलं की उत्तर शेजारचा नवरा देतो. न बोलणारे एकाच बाजूचे निघाले, की आकडा तिरका झालाच.

कायदाही दोघांना वेगळा. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत ओपिनियन पोल दाखवता येत नाही. एक्झिट पोलला तर शेवटचा टप्पा संपून अर्धा तास उलटेपर्यंत बंदी. म्हणून 2024 मध्ये पुण्याने 13 मे रोजी मत दिलं आणि एक्झिट पोल दिसले 1 जूनच्या संध्याकाळी. बहुतेकांनी एनडीएला 350 च्या वर नेलं, आल्या 293.

खरा घोळ मतांवरून जागा काढताना होतो, आणि तिथे दोघेही सारखेच घसरतात. त्याच निवडणुकीत महाराष्ट्रात आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता. जागा मात्र आघाडीला 30, महायुतीला 17. अशा ठिकाणी टक्केवारी अचूक सांगणाराही जागांत तोंडावर पडतो. म्हणून मी आधी मतांची टक्केवारी बघतो. टीव्हीवरच्या जागा नंतर, चहा घेता घेता.

आणि राज्याच्या पोलवरून आपल्या मतदारसंघाचा निकाल काढू नये. राज्यभरच्या नमुन्यात एकट्या कसब्याच्या वाट्याला मूठभरच माणसं येतात. हेच कसबा 2023 च्या पोटनिवडणुकीत भाजपच्या हातून गेलं आणि 2024 च्या विधानसभेला परत त्यांच्याकडे आलं.